मिलिमीटरवर तोललेलं जंगल

राष्ट्रीय उद्यानात झाडांची नोंद ठेवणाऱ्या फील्ड टेक्निशियनकडे जी टेप असते, तिच्यावरचा एक सेंटिमीटर प्रत्यक्षात 3.14 सेंटिमीटर लांब असतो. यात फसवणूक नाही, सोय आहे. उभ्या झाडाच्या खोडातून आरपार टेप नेऊन व्यास मोजता येत नाही. घेर मात्र बाहेरून मोजता येतो. मग दर झाडापाशी भागाकार करत बसण्यापेक्षा टेपवरच्या खुणाच ‘पाय’च्या (π) पटीत छापल्या, की खोडाभोवती गुंडाळायची आणि व्यास थेट वाचायचा. उंचीही ठरलेली: जमिनीपासून 1.30 मीटर, म्हणजे साधारण छातीइतकी. (अमेरिकेत आणि आपल्या वनखात्यात ती 1.37 मीटर असते. साडेचार फुटांची जुनी सवय, दुसरं काही नाही.)

जगातल्या जंगलांबद्दल आपण जे अवाढव्य आकडे वाचतो, ते जवळजवळ सगळे या टेपच्या टोकाला लटकलेले आहेत.

सगळ्यात मोठा आकडा आधी घेऊ. 2015 साली ‘नेचर’मध्ये थॉमस क्राउदर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. पृथ्वीवर झाडं किती? उत्तर निघालं 3,04,000 कोटी. त्याआधी प्रचलित असलेला अंदाज होता 40,000 कोटींच्या आसपास, म्हणजे आपण एका फटक्यात साडेसात पट श्रीमंत झालो. सेकंदाला एक या वेगानं, न झोपता न जेवता ही झाडं मोजायला बसलो तर 96,000 वर्षं लागतील. त्याच अभ्यासानुसार दरवर्षी 1,500 कोटींहून अधिक झाडं नाहीशी होतात. म्हणजे दर सेकंदाला 480च्या वर. हे वाक्य वाचून होईपर्यंत दीड-दोन हजार गेली.

उपग्रहाच्या चित्रांनी हे गणित पुढं नेलं खरं, पण त्याचा पाया होता जमिनीवरच्या 4,29,775 नोंदी. कुणीतरी तिथं उभं राहून, एका आखलेल्या तुकड्यातली झाडं एकेक करून मोजली होती. आणि त्या अभ्यासात झाड कशाला म्हणायचं? ज्याचा व्यास 10 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, त्यालाच. मनगटाएवढं खोड झाडात धरलेलंच नाही.

मनगटाएवढी खोडं धरली तर काय होतं, याचं उत्तर पनामात आहे. पनामा कालव्यासाठी धरण बांधून गाटून सरोवर भरलं, तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला. त्याचं नाव बारो कोलोरॅडो बेट, क्षेत्रफळ सुमारे 1,500 हेक्टर. 1980 साली स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी या बेटावरच्या जंगलात 50 हेक्टरांचा एक आयत आखला, 1,000 मीटर लांब आणि 500 मीटर रुंद. दादरच्या शिवाजी पार्कासारखी चार-साडेचार मैदानं शेजारी शेजारी ठेवली तर एवढी जागा होते. त्यांनी ठरवलं, की या आयतातलं एक सेंटिमीटरपेक्षा जाड असलेलं प्रत्येक खोड मोजायचं, त्याची जात ओळखायची, नकाशावर त्याची जागा मांडायची आणि त्याला क्रमांकाचा बिल्ला लावायचा. एक सेंटिमीटर म्हणजे पेन्सिलीहून जेमतेम जाड.

पहिल्याच मोजणीत दोन लाखांहून अधिक झाडं निघाली, सुमारे 300 जातींची. त्यातली 10 सेंटिमीटरपेक्षा जाड किती? वीस-एकवीस हजार. जगाच्या मोजणीतला निकष इथं लावला तर दर दहा झाडांतली नऊ गायब होतात. 1985 पासून साधारण दर पाच वर्षांनी ही मोजणी पुन्हा झाली. पहिल्या पंचवीस वर्षांत एकंदर साडेतीन लाखांहून अधिक वेगवेगळी झाडं नोंदवहीत आली, कारण जुनी मरतात आणि नवी सेंटिमीटरची वेस ओलांडतात.

हा आयत पुढे नमुना ठरला. आज स्मिथसोनियन संस्थेच्या पुढाकारानं असे सत्तरहून अधिक मोठे तुकडे जगभर आहेत, त्यांत सत्तर लाखांवर झाडं आहेत. मी हिशेब करून पाहिला: एका झाडाला एकच मिनिट धरलं (शोधणं, घासून बिल्ला वाचणं, टेप लावणं आणि लिहिणं मिळून एक मिनिट म्हणजे फारच उदार अंदाज झाला), दिवसाचे आठ तास, वर्षाचे 250 दिवस काम, तर या सगळ्या झाडांची फक्त एक फेरी पुरी करायला एका माणसाला 58 वर्षं लागतील. नोकरीची दोन आयुष्यं. शिवाय ती फेरी संपते तेव्हा पुढच्या कित्येक फेऱ्या उलटून गेलेल्या असतात.

आपल्याकडे असा पहिला तुकडा तामिळनाडूतल्या मुदुमलाई राष्ट्रीय उद्यानात आहे. 1983 साली पुण्याच्या माधव गाडगीळांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस उभारलं. हत्तींच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले रामन सुकुमार हे त्यांचे विद्यार्थी. सुकुमार आणि त्यांच्या गटानं 1988 साली मुदुमलाईत 50 हेक्टर आखले. मापं तीच, 1,000 बाय 500. त्याचे 20 मीटर बाय 20 मीटरचे चौकोन पाडले की होतात 1,250 चौकोन, आणि त्यांच्या कोपऱ्यांवर रोवायला लागतात 1,326 खांब. प्रत्येक चौकोनात मग पाच-पाच मीटरचे सोळा छोटे चौकोन. म्हणजे 20,000 घरांचा पट, आणि त्यातल्या प्रत्येक घरात वाकून बघायचं.

पनामाच्या मानानं मुदुमलाई विरळ. पहिल्या मोजणीत सुमारे 26,000 झाडं आणि सत्तरएक जाती. पण इथली नावं आपल्या ओळखीची आहेत. साग, धावडा, ऐन, नाणा. मेळघाटात किंवा ताडोबात हिंडलेल्या माणसाला इथं परकं वाटणार नाही. पानगळीचं जंगल, त्यामुळं उन्हाळ्यात ओळखायला पान नसतं, फूल नसतं, फळ नसतं. मग ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळपट साल, धावड्याचं पांढुरकं गुळगुळीत खोड, असल्या खुणांवर जात ठरते. तेही न जमलं तर सालीला हलकासा छेद देऊन आतला रंग पाहायचा, वास घ्यायचा, चीक येतो का बघायचं. बोटाएवढ्या जाडीच्या, निष्पर्ण काडीची जात छातीठोक सांगणारा माणूस विद्यापीठात घडवता येत नाही, हे तिथले शास्त्रज्ञही मान्य करतील. हे ज्ञान त्या रानात वाढलेल्या स्थानिक माणसांकडे असतं, आणि अशा तुकड्यांचा भार जगभर त्यांच्यावरच असतो.

मुदुमलाईची मोजणी एका बाबतीत पनामाहून कडक आहे. घेर दर चार वर्षांनी मोजतात, पण कोण जगलं, कोण मेलं आणि कोण नव्यानं आलं, याची फेरी दरवर्षी होते. 26,000 झाडांची दरसाल हजेरी. एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर मरणाच्या आकड्यांत आहे. एकोणीस वर्षांच्या नोंदींतून दिसलं, की सरासरी वर्षाला सुमारे 7 टक्के झाडं मरतात. पण एखाद्या वर्षी दीडच टक्का, आणि एखाद्या वर्षी साडेसतरा. दर पाच वर्षांनी गेलं असतं तर ही सगळी उलथापालथ एका गुळगुळीत सरासरीखाली दबली असती. मोठी गंमत पुढं आहे: कमी पावसाचा फटका झाडांना त्याच वर्षी बसत नाही. दुष्काळ आणि मरण यांच्यात दोन-तीन वर्षांचं अंतर पडतं. पाऊस नीट झालेल्या साली झाड वाळलेलं दिसलं, तर त्याचं कारण दोन वर्षांमागच्या वहीत सापडतं.

पावसाखेरीज आग आहे, आणि हत्ती आहेत. वारंग नावाचं, भेंडीच्या कुळातलं एक झाड पहिल्या मोजणीत सर्वाधिक संख्येच्या जातींपैकी होतं. हत्तींना ते फार आवडतं. पुढच्या वर्षांत त्यांनी ते इतकं मोडलं, सोललं आणि खाल्लं, की हजारोंच्या संख्येतली ही जात झपाट्यानं ओसरली. एकदाच येऊन मोजून गेलेल्या माणसानं लिहिलं असतं, ‘येथे वारंग विपुल आहे.’ दहा वर्षांनी एकदाच आलेल्यानं लिहिलं असतं, ‘येथे वारंग दुर्मीळ आहे.’ दोघंही खरं बोलले असते. आणि हो, हा अभ्यास करायचा म्हणजे झाडाच्या एका बाजूला टेप धरून आपण उभे आणि दुसऱ्या बाजूला कुठंतरी ज्याचा हा प्रताप तो हत्ती उभा, हेही कामाच्या स्वरूपात येतं.

आता ओळखण्याचं काम किती अवघड होऊ शकतं ते पाहायला बोर्निओत जावं. मलेशियाच्या सारावाक राज्यात, मिरी शहराजवळ लाम्बिर हिल्स राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या 52 हेक्टरांच्या तुकड्यात साडेतीन लाखांच्या आसपास झाडं, आणि जाती जवळपास 1,200. युरोप, उत्तर अमेरिका आणि आशिया मिळून समशीतोष्ण जंगलांचं क्षेत्र सुमारे 42 लाख चौरस किलोमीटर आहे, अख्ख्या भारतापेक्षा मोठं. त्या सगळ्यात मिळून झाडांच्या जाती जवळजवळ तेवढ्याच. एका बाजूला अर्धा चौरस किलोमीटर, दुसऱ्या बाजूला 42 लाख, आणि तराजू सरळ. युरोपातल्या वनपालाला पंचवीस-तीस जाती आल्या की भागतं. लाम्बिरमधल्या माणसाला बाराशे ओळखाव्या लागतात, आणि त्यातल्या बहुतेक रोपं असताना भावंडांसारख्या दिसतात.

एवढ्या जाती एकत्र कशा नांदतात, एखादी दादागिरी करून बाकीच्यांना हुसकावत का नाही, हा जुना प्रश्न. त्याचंही उत्तर मोजण्यातूनच आलं, आणि ही मोजणी झाडांची नव्हे, बियांची होती. बारो कोलोरॅडोवर 1987 पासून 200 जाळ्या मांडलेल्या आहेत. प्रत्येक जाळी अर्धा चौरस मीटर. दर आठवड्याला त्यात पडलेली प्रत्येक बी उचलायची, ओळखायची, मोजायची. शेजारच्या छोट्या चौकोनांत उगवलेली रोपंही मोजायची. चार वर्षांतल्या 53 जातींच्या नोंदी 2000 साली प्रसिद्ध झाल्या: सुमारे 3,86,000 बिया, आणि रोपं 13,000. जागेचं माप धरून मी त्रैराशिक मांडलं तर दर पावणेदोनशे बियांमागं जेमतेम एक रोप उभं राहिलेलं दिसतं. पण खरा शोध वेगळा होता. एखाद्या जातीच्या बिया जिथं दाट पडल्या, तिथं रोप होण्याची शक्यता कमी झाली. आणि हे 53 पैकी 53 जातींत दिसलं. गर्दी झाली की त्या जातीचे किडे, बुरशी आणि उंदीर नेमके तिथं येतात. त्यामुळं कुणालाच मक्ता मिळत नाही. जॅन्झन आणि कॉनेल या शास्त्रज्ञांनी 1970च्या सुमारास हा तर्क मांडला होता. तो तपासायला कुणीतरी आठवड्यामागून आठवडे जाळ्या झटकल्या.

ॲमेझॉनचे आकडे वाचताना मात्र थोडं थांबून श्वास घ्यावा लागतो. 2013 साली हान्स तेर स्टीगे आणि शंभरावर सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: ॲमेझॉनच्या खोऱ्यात 10 सेंटिमीटरवरची झाडं सुमारे 39,000 कोटी आणि जाती सुमारे 16,000. त्यातल्या फक्त 227 जातींनी निम्मं जंगल व्यापलंय. उलट टोकाला सुमारे 11,000 दुर्मीळ जाती अशा, की त्या सगळ्या मिळून झाडांच्या एकूण संख्येत 0.12 टक्के भरतात. सहा हजारांच्या आसपास जाती तर अशा, की अख्ख्या खोऱ्यात त्यांची हजार झाडंसुद्धा नसावीत. हजार झाडं, भारताच्या जवळजवळ दुप्पट प्रदेशात. त्यातलं एखादं आपल्या टेपखाली येण्याची शक्यता काय?

हे सगळं ज्यावर उभं आहे ते म्हणजे 1,170 तुकडे आणि त्यांत प्रत्यक्ष मोजलेली सुमारे 6,40,000 झाडं. म्हणजे दर सहा लाखांत एका झाडाला माणसाचा हात लागला, बाकीची गणितानं मोजली. कुणाला हे हास्यास्पद वाटेल, मला नाही वाटत. अमेरिकेची राष्ट्रीय वनगणना अशीच चालते: दर 6,000 एकरांना एक नमुना-जागा, आणि तिथं चार गोल तुकडे मिळून प्रत्यक्ष मोजतात एक षष्ठांश एकर. आपल्या हिशेबात सुमारे पावणेसात गुंठे. पावणेसात गुंठ्यांनी 36,000 पट जागेची साक्ष द्यायची. म्हणूनच त्या जागांचे नेमके पत्ते जाहीर करत नाहीत. तिथं उद्या कुणी मुद्दाम झाडं लावली किंवा तोडली, तर 6,000 एकर खोटे पडतील.

आणि म्हणूनच मिलिमीटर महत्त्वाचा ठरतो. 50 सेंटिमीटर व्यासाचं झाड घ्या. टेप आडवी न राहता 10 अंशांनी कलली, तर झाड जवळजवळ 4 मिलिमीटरनं जाड दिसतं. उष्णकटिबंधातल्या कितीतरी झाडांची वर्षाची वाढ याहून कमी असते. झाड वाढलं की टेप कलली, हे वहीतल्या आकड्यावरून कळणार नाही. एवढंच कशाला, झाडाचं वजन साधारण व्यासाच्या अडीचाव्या घातानं वाढतं. त्यामुळं अशा सगळ्या झाडांवर एकाच दिशेनं फक्त एक मिलिमीटरची चूक झाली, तर वजनात अर्ध्या टक्क्याची चूक येते. ॲमेझॉनचं जंगल त्याच्या बऱ्या दिवसांत वर्षाला जेवढा कार्बन जास्तीचा साठवत होतं, तो आधीच्या साठ्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. एका मिलिमीटरमध्ये अख्ख्या ॲमेझॉनची वर्षाची शिल्लक बुडते!

म्हणून खोडावर रंगाची रेघ मारतात, पुढच्या माणसानं नेमकं तिथंच मोजावं म्हणून. बिल्ल्याचा खिळा त्या रेघेपासून लांब ठोकतात, कारण खिळ्याभोवती खोड फुगतं. टेपखाली वेल आली तर ती उचलायची, वाळवीची माती आली तर झाडायची. काही झाडांना स्टीलच्या पट्टीचा कायमचा कमरपट्टा बांधतात. त्याला स्प्रिंग असते, आणि पट्टीतल्या फटीचं अंतर कॅलिपरनं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचतात. सगळ्यात वैताग देतात ती महाकाय झाडं. त्यांची आधारमुळं भिंतींसारखी छातीच्या वर, कधी दोन पुरुष उंचीपर्यंत जातात. मग शिडी लावून, मुळांच्या वर जिथं खोड गोल होतं तिथं मोजायचं. टाळता येत नाही, कारण 2018 साली जगभरातल्या 48 मोठ्या तुकड्यांतली 56 लाख झाडं तपासली तेव्हा दिसलं, की सगळ्यात जाड एक टक्का झाडांत जमिनीवरच्या जिवंत वस्तुमानाचा निम्मा वाटा आहे. शंभरातली एक शिडी आळसानं टाळली, तर निम्मं जंगल अंदाजपंचे.

या चिकाटीतून काय हाती आलं ते 2020 साली दिसलं. आफ्रिका आणि ॲमेझॉनमधल्या 565 अबाधित जंगल-तुकड्यांतली तीन लाख झाडं, तीस वर्षं, दहा लाखांहून अधिक वेळा टेप गुंडाळली गेली. निष्कर्ष: 1990च्या दशकात उष्णकटिबंधातल्या अबाधित जंगलांनी सुमारे 4,600 कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेतून ओढून घेतला. 2010च्या दशकात तो अंदाजे 2,500 कोटी टनांवर आला. माणसानं सोडलेल्या वायूतला 17 टक्के वाटा पूर्वी ही जंगलं गिळत होती, आता 6 टक्के. जंगल हिरवंच दिसतंय, वरून चित्र घेतलं तर छत्र अखंड आहे. झाडं थोडी सावकाश वाढू लागली आहेत आणि थोडी जास्त मरू लागली आहेत, हे ज्या फरकातून कळलं तो मिलिमीटरांत होता.

असे निबंध छापून येतात तेव्हा त्यांच्याखाली प्राध्यापकांची नावं असतात, आणि शिडी धरणाऱ्याचा उल्लेख आभारात, तोही कधी नुसता ‘स्थानिक सहायक’ म्हणून. अलीकडं हे थोडं बदलतंय. 2021 साली अशा तुकड्यांच्या एका जागतिक जाळ्यानं आपला लेख कुणा एकाच्या नावानं न छापता जाळ्याच्याच नावानं छापला आणि लेखक म्हणून शेकडो नावं दिली. मला हा प्रकार चांगला वाटतो. पगार मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी हंगामी आणि प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून असतो, आणि प्रकल्प तीन वर्षांचे असतात, झाडं तीनशे.

आता उपग्रह आलेत, मग हे कशाला, असं विचारणारे भेटतात. 29 एप्रिल 2025 रोजी युरोपीय अवकाश संस्थेनं ‘बायोमास’ नावाचा उपग्रह सोडला. त्याची 12 मीटरची अँटेना सुमारे 70 सेंटिमीटर तरंगलांबीचे रडारतरंग सोडते. ते पानांतून आरपार जातात आणि खोडांवरून परत येतात. जंगलाच्या वजनाचा नकाशा तो 200 मीटर बाय 200 मीटरच्या चौकोनांत देणार आहे. एक चौकोन म्हणजे 4 हेक्टर. पनामाच्या दाटीनं हिशेब केला, तर त्यात एक सेंटिमीटरवरची जवळपास 19,000 झाडं येतात आणि नकाशावर त्यांचा मिळून एकच आकडा उमटतो. त्यात वारंग किती आणि धावडा किती, हे तो सांगू शकत नाही. तो आकडा बरोबर आहे की चूक, हे ठरवायलाही जमिनीवरचे मोजलेले तुकडेच लागतात. त्यासाठी गाबाँ, ब्राझील, मलेशिया अशा देशांतल्या जुन्या तुकड्यांत पुन्हा मोजण्या कराव्या लागणार आहेत. काही ठिकाणी सरळ बिल्ले नव्यानं ठोकण्यापासून.